मिल्ट्रीवाल्याच्या बायकोचं पळणं

एकदा उजाडल्यावर मी गावातून पळत घरी आले. एवढीच माझी चूक. चोरी नाही, चहाडी नाही, कुणाचं काही मोडलं नाही की सांडलं नाही. निदान मला तसं वाटलं होतं. पण ती सकाळ आठवली की या वयातही माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात, आणि तेव्हाच्या त्या बयेला, म्हणजे मलाच, धरून दोन धपाटे घालावेसे वाटतात. पाठ चांगली रुंद होती तिची. नेम चुकला नसता.

ती रुंद कशी झाली ते आधी सांगते.

माझं माहेर साताऱ्यात. शाळेत मी पळण्यात पहिली यायचे. मागच्या मुलींना माझ्या वेणीशिवाय काही दिसत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचे. किल्ल्याचा चढ न थांबता चढायचे आणि वर जाऊन खाली धापा टाकणाऱ्यांना नावं ठेवायचे. इतकी आगाऊ मुलगी पुढे आयुष्यात मला दुसरी भेटली नाही. मग लग्न झालं आणि मी सांगली जिल्ह्यात, इस्लामपूरच्या पुढच्या एका खेड्यात येऊन पडले. घर उसाचं, म्हशीचं आणि फौजेचं. आमचे हे मिल्ट्रीत. रजेवर आले की घरभर त्यांचा आवाज, गेले की भिंतीवरचा फोटो. सासरे नव्हते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. दोन मुलं झाली, वेणीचा अंबाडा झाला, आणि पळायचं म्हणजे दूध उतू जायला लागल्यावर चुलीपर्यंत, एवढंच राहिलं.

बांगलादेशाची लढाई लागली तेव्हा हे सरहद्दीवर होते. कुठल्या, ते पत्रात लिहायची सोय नव्हती. घरात रेडिओ होता. बातम्यांच्या वेळेला आळीतल्या बायका जमायच्या आणि मी शेंगदाणे-गुळाची वाटी मांडीवर घेऊन बसायचे. पूर्वेकडची बातमी लागली की एक मूठ. पश्चिमेकडची लागली की दोन, कारण हे पश्चिमेला असावेत असा आमचा अंदाज. बातम्या संपल्या की उरलेली वाटी, काही वाईट ऐकू आलं नाही या आनंदात. लढाई दोन आठवड्यांत आटोपली. माझं खाणं पुढे दोन वर्षं चाललं.

कारण भीती काही आटोपली नव्हती. आमच्या शेजारी एक काकू राहायच्या. विधवा, एकुलता एक मुलगा, तोही यांच्याबरोबरच भरती झालेला. लढाईतून तो धड सुटून आला, गावाने त्याला हार घातले. आणि सगळं शांत झाल्यावर, कुठल्याशा डोंगरात गाडी दरीत गेली, तीत तो होता. आमच्या गावाला पोस्ट नव्हतं. ते सडकेवरच्या मोठ्या गावात. काकू त्या दिवशी तिथेच बाजाराला गेल्या होत्या. पोस्टाच्या माणसाने त्यांना बाजारातच गाठून तार दिली. तिथून घरापर्यंत त्या पळत आल्या. घरात तर कुणी नव्हतं. कुणाला सांगायला पळाल्या कोण जाणे. बाईमाणूस भर रस्त्याने पळताना गावाने पाहिलं ते तेव्हा. त्या दिवसापासून गावाला एक कळून चुकलं, की तार काही लढाई बघून येत नाही.

मलाही कळलं. आणि मी काय केलं? आणखी खाल्लं. हात रिकामा राहिला की मनात तारवाल्याच्या सायकलची घंटा वाजायची. मग हात रिकामा ठेवायचाच नाही. भाकरीचा पापुद्रा, चटणी, खरवडलेली साय, मुलांनी टाकलेलं अर्धं केळं. एका जागी बसवत नव्हतं, आणि उठवतही नव्हतं. आतून सारखं काहीतरी धावत होतं आणि बाहेरून मी ढिम्म.

डोळे उघडले ते गुऱ्हाळावर. चुलतसासऱ्यांचं गुऱ्हाळ लागलेलं. रस प्यायला, काकवी चाटायला आम्ही सगळ्या बायका गेलो होतो. गुळाच्या ढेपा, आमच्याकडे त्यांना रवे म्हणतात, तोलायला मोठा तराजू आढ्याला टांगलेला. माझी नणंद माहेरपणाला आलेली, तिला खोड्या सुचल्या.

"वैनी, बसा की पारड्यात. बघू तरी किती गुळाच्या हाय तुमी."

मी बसले. माझ्या डोक्यात अजून ती सातारची वेणीवाली. दुसऱ्या पारड्यात गड्याने एक रवा ठेवला. मी हलले नाही. दुसरा ठेवला. मी हसत होते. तिसरा आणायला तो वळला तेव्हा माझं हसू थांबलं. सगळं गुऱ्हाळ बघत होतं. चुलतसासरे वर आढ्याकडे बघत म्हणाले, "सूनबाई, उतर आता. साखळी जुनी हाय."

घरी येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. बाकीच्या बोलत होत्या. माझ्याबद्दलच.

त्या आठवड्यात मी यांच्या ट्रंकेतून मिल्ट्रीचे कापडी बूट काढले. हे रजेवर आले की ते बूट घालून गावाबाहेर पळून यायचे, त्याला पीटी म्हणायचे. मला ते होडीसारखे. पुढे चिंध्या कोंबल्या, दोन जोड मोजे चढवले. पाचवारी पातळात पाय उचलत नाहीत, म्हणून आत्याबाईंचं जुनं लुगडं घेतलं आणि घट्ट कासोटा मारला. राहता राहिलं निमित्त. तेव्हा घरात संडास नव्हते, बायका अंधार असताना रानात जायच्या. मी सगळ्यांच्या आधी उठायला लागले. हातात टमरेल, टमरेलाच्या आड पदराखाली बूट. ओढ्याच्या बांधावर टमरेल ठेवायचं, बूट चढवायचे आणि उसामधल्या गाडीवाटेने निघायचं.

पहिल्या दिवशीचा माझा थाट काय सांगू. दीर्घ श्वास घेतला, एक पाय पुढे, एक मागे, शाळेत उभी राहायचे तशी उभी राहिले. मनातल्या मनात शिट्टी वाजवली. आणि सुटले. पायांना वाटलं आपण पळतोय. पोटाला ते उशिरा कळलं, ते मागून आलं. पाठीचा ताठपणा कुठल्या कुठे. पहिल्या बाभळीपाशी छातीचा भाता झाला, दुसऱ्या बाभळीपर्यंत मी पोचलेच नाही. उसाच्या पाचटावर आडवी पडले आणि आभाळातली चांदणी बघत, आता मी इथेच मरणार आणि पायात नवऱ्याचे बूट सापडणार, असा विचार करत राहिले. मग उठले. पुन्हा पळाले. पुन्हा पडले. घरी येताना मात्र एक गंमत लक्षात आली. तेवढा वेळ सायकलची घंटा वाजली नव्हती. छातीतल्या ठोक्यांपुढे तिला जागाच नव्हती.

मग मी सोडते थोडीच!

काही दिवसांनी चुलतसासरे सकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसले. मी आत चहा गाळत होते.

"वयनी," ते आत्याबाईंना म्हणाले, "वड्याकडंच्या उसात डुक्कर शिरलंय."

"कुनी बघितलं?"

"बघाय कुठलं घावतंय! आवाज ऐकला. पाटंच्या पारी धपाधपा पळतंय. लय मोठं हाय. पर म्हातारं असावं बगा. चार पावलं पळतंय आन् धापा टाकत हुबं ऱ्हातंय."

"मग मारा की."

"आज भाले घिऊन बसतो दोघं-तिघं."

गाळणं माझ्या हातातून चुलीत पडलं. पुढचा आठवडाभर मी सडकेच्या बाजूने पळाले. भालेवाले ओढ्याला डास मारत बसले, आणि म्हातारं डुक्कर बिचारं दुसऱ्या रानात गेलं असावं असं सर्वानुमते ठरलं.

इकडे आत्याबाईंना निराळीच काळजी. सून रानात जाते ती तासभर येत नाही, आणि येते ती घामेघूम. त्यांनी मला बाळहिरडा उगाळून द्यायला सुरुवात केली. दुपारी नुसतं ताक आणि भाताची पेज. मी शेंगदाण्याच्या डब्याकडे हात नेला की, "नगं गं बाई, आदीच आतडं नाजूक झालंय तुजं." सांगणार काय? मुकाट्याने पेज प्यायले. उन्हं तापायला लागेस्तोवर लुगड्याच्या निऱ्या वाढल्या. ते पळण्याने झालं की हिरड्याने, ते आजही मला ठामपणे सांगता येत नाही.

आणि तिथेच ती वेणीवाली पुन्हा जागी झाली. मेलेली नव्हतीच ती, चरबीखाली झोपली होती. आता मला थांबावं लागत नव्हतं. पाय जमिनीला लागल्या लागल्या उठत होते. हे रजेवर आले की त्यांच्याबरोबर शर्यत लावायची आणि हरवायचं, अशी स्वप्नं मी बघायला लागले. एका पहाटे ठरवलं की आज सडकेवरच्या त्या मोठ्या गावापर्यंत जायचं, पोस्टासमोरच्या पाराला हात लावायचा आणि परत फिरायचं. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही.

गेले. हात लावला. परत फिरले, तेव्हा पूर्वेला चांगलं तांबडं फुटलं होतं. आणि घरी म्हैस. आमची म्हैस माझ्याशिवाय कुणाला धार देत नसे. वेळ टळली की लाथा झाडून दावं तोडायला बघायची. मग आत्याबाई मला शोधायला रानात जाणार, बांधावरचं टमरेल सापडणार आणि मी नाही सापडणार. मी जीव खाऊन पळत सुटले. वेशीजवळ आल्यावर बूट काढले. रोज मी ओढ्यावरून टमरेल घेऊन, त्याच्या आड बूट लपवून हळूहळू, गरीब गायीसारखी चालत घरी जायचे. त्या दिवशी टमरेल ओढ्यावरच राहिलेलं, वेळ नाही, बूट लपवायला आडोसा नाही. बूट छातीशी धरले आणि अनवाणी तशीच गावात शिरले.

आता तुम्ही जरा गावाच्या डोळ्यांनी बघा. मिल्ट्रीवाल्याची बायको. पोस्टाच्या गावाकडून पळत येतेय. डोक्यावर पदर नाही, अंबाडा सुटलेला. घामाने कपाळावरचं कुंकू ओघळून पुसून गेलेलं. आणि दोन्ही हातांनी उराशी धरलेत नवऱ्याचे बूट.

पारावर दात घासत बसलेला एक म्हातारा उठून उभा राहिला, ते मी पाहिलं. मला वाटलं, मान देतोय. मग विहिरीवरच्या बायकांच्या घागरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मागून पावलं. मी मान वळवून पाहिलं तर माझ्यामागे पाच-सहा बायका पळत येताहेत, त्यांच्यामागे पुरुष, धोतराचे सोगे वर धरलेले. एवढी माणसं पळताहेत म्हणजे आमच्याच घरी काहीतरी झालं! मुलं! आड! चूल! मला दुसरं काही सुचेना. मी आणखी जोरात पळायला लागले. मी जोरात पळाले म्हणून ती जोरात पळाली. कुणीतरी "आगं आवरा तिला, आडात उडी घिल!" असं ओरडलं. मला वाटलं, आडात कुणीतरी पडलंय.

शेजारच्या काकू अंगण झाडत होत्या. त्यांनी मला पाहिलं. खराटा टाकला आणि रस्त्याच्या मध्ये येऊन दोन्ही हातांनी मला कवळा घातला. मी एवढी दांडगी, त्या काडीसारख्या. पण मला हलता येईना.

"रड बाई, रड. आत ठिऊ नगंस."

"काकू, पोरं कुठायत? पोरांना काय झालं?"

"पोरं हाईत गं. आता पोरांसाटीच ऱ्हायाचं. मी हाय न्हवं? मी सांगते तुला कसं ऱ्हायाचं ते."

 माझ्या खांद्यावर त्यांचं तोंड, लुगडं ओलं होत होतं, आणि मागे बायकांनी गळा काढलेला. तेवढ्यात आत्याबाई उंबऱ्यात आल्या. त्यांनी माझं कपाळ पाहिलं, बूट पाहिले. रडल्या नाहीत. खांबाला धरून खाली आल्या आणि हात पुढे केला.

"तार कुठं हाय?"

"कसली तार?"

"आन हिकडं. वाचून घेऊ."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळा एकदम. मी तोंड उघडलं, तर धाप लागलेली.

"तार नाही. मी... पळत होते."

"कशापायी?"

"आपली... अशीच. वजन उतरावं म्हणून."

 गोठ्यात म्हैस ओरडली. मग मागे कुणी पुरुष फिसकन हसला, त्याला दुसऱ्याने गप केलं. काकूंनी माझ्याभोवतीचे हात काढले. पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत गेल्या आणि दार लावून घेतलं. भर सकाळी, आमच्या गावात, जिथे दार रात्रीच लागतं. खराटा रस्त्यातच पडला होता.

आत्याबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "सांगायचं तरी हुतंस. मी आपली हिरडा उगाळतीया!" आणि बूट उचलून माळ्यावर टाकले. त्यांचं एवढ्यावर मिटलं. गावाचंही हसण्यावारी मिटलं. विहिरीवर गेले की बायका "सरका गं, एष्टी आली" म्हणून वाट द्यायच्या. त्याचं मला काही नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर याहून वाईट बोलले असते.

काकूंचं मिटत नव्हतं. त्यांचं दार उघडं असायचं, पण मी दिसले की त्या आत वळायच्या. शिरा नेला, तो उंबऱ्यावरून उचलला गेला, भांडं घासून परत आलं, शब्द नाही आला. ज्या बाईने तो रस्ता स्वतः पळत कापला होता, तिला मी, हौस म्हणून, पुन्हा त्याच रस्त्यावर उभं केलं होतं. मी पळणं सोडलं. शपथ वगैरे घेतली नाही. पाय उचलायचा धीरच नव्हता.

आणि मग ते आतलं पुन्हा सुरू झालं. घंटा. शेंगदाण्याचा डबा. मी पीठ मळताना उभी राहायचे, उभी असले की गोठ्यात जायचे, गोठ्यात गेले की कशाला आले ते विसरायचे. यांचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते. मुलं म्हणायची, आई, एका जागी बस ना. बसले की पाय हलायचा. धरून ठेवला की दुसरा.

पेरणीआधी बियाण्याच्या शेंगा फोडायचं काम निघतं. काकूंकडे पोतं पडलेलं, आणि त्या एकट्या. आत्याबाईंनी मला हाताला धरून तिकडे नेलं, "हिला घ्या कामाला" म्हणाल्या आणि निघून गेल्या. काकूंनी सुपात शेंगा ओतल्या, सूप आमच्या मध्ये सरकवलं. आम्ही फोडायला लागलो. कट, कट, कट.  शेंगदाण्यांचा ढीग पुढ्यात आणि मी एकही तोंडात टाकला नाही, यावरून ओळखा.

बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, "पाय हालवू नगंस."

मी पाय दाबून धरला. थोड्या वेळाने सूप पुन्हा थडथडायला लागलं.

"काकू, मुद्दाम नाही हलवत."

"ठावं हाय."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हातातली शेंग तशीच. मला रडू आलं. म्हटलं, "काकू, मी पुन्हा नाही पळणार. तुमच्या डोळ्यांदेखत तर नाहीच नाही. मला कळलंच नाही हो, मी कशी दिसत असेन ते."

काकूंनी ती शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, आणि टरफल झटकत मला म्हणाल्या, "न पळून काय करनार हाईस? फुटशील एक दिस. पळ तू. माज्या दारावरनंच पळ. पर येताना हसत ये गं बाई, मोट्यानं, मला आत ऐकू ईल असं. म्हंजी मला चुलीपुढनं उटाय लागायचं न्हाई."